घरची बिअर : भीती कशाची, काळजी कशाची?

"डॉक्टर, मुलगा तिकडे गॅरेजमध्ये बिअर करतो म्हणे. त्यात विष तर होत नाही ना?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळाला आहे. विचारणारे बहुधा साठी ओलांडलेले आईवडील असतात. मुलगा किंवा जावई न्यू जर्सीत, सिअ‍ॅटलला, नाहीतर लंडनच्या उपनगरात. सुट्टीत तिकडे गेल्यावर त्यांना कोपऱ्यात झाकणबंद पिंप दिसते, झाकणावरच्या नळीतून बुडबुडे येत असतात आणि फ्रीजमध्ये लेबल नसलेल्या बाटल्या रांगेने उभ्या असतात. आपल्याकडे 'घरी केलेली दारू' म्हटले की डोळ्यांसमोर हातभट्टी येते आणि तिच्यापाठोपाठ विक्रोळी, मालवणी ही नावे आठवतात. त्यामुळे या आईवडिलांची भीती समजण्यासारखी आहे. मात्र ती चुकीच्या जागी आहे. आणि खऱ्या धोक्याकडे त्यांचे, त्यांच्या मुलाचे, दोघांचेही लक्ष नसते. आज त्याविषयी.

आधी कायदा सांगून टाकतो. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. मग ती बिअर असो वा स्वतःपुरती केलेली असो. तेव्हा हा लेख कृती सांगणारा नाही. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत दारूबंदी १९३३ साली उठली, पण घरच्या बिअरला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळायला १९७८ उजाडले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये विधेयकावर सही केली. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ साली परवानगी दिली. आज त्या देशांत हा सुताराच्या हत्यारांसारखा, बागकामासारखा रीतसर छंद आहे आणि त्यात मराठी तरुणही पुष्कळ आहेत.

मोड आलेल्या धान्याची गोष्ट

बाळासाठी नाचणीचे सत्त्व करणाऱ्या प्रत्येक घराला बिअरची पहिली पायरी ठाऊक आहे. धान्य भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे. मोड आले की दाण्यात अमायलेज नावाची विकरे तयार होतात आणि ती पिष्टमय पदार्थाचे साखरेत रूपांतर करू लागतात. म्हणूनच मोड आलेल्या नाचणीची पेज पातळ होते, गोड लागते आणि बाळाला पचते. नाचणीऐवजी जव घ्या. मोड आणून भट्टीत वाळवलेले हे जव म्हणजेच माल्ट.

पुढे भरडलेले माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. या तापमानाला ती विकरे जोमाने काम करतात आणि पाण्यात माल्टोज नावाची साखर उतरते. गाळून मिळालेला हा गोड काढा हॉप्स घालून तासभर उकळतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची कोनासारखी फुले. गांजाच्या कुळातली ही वनस्पती, पण नशा आणणारे ते द्रव्य तिच्यात नसते. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात तिची लागवड होते. बिअरचा कडवटपणा तिचा आणि तिच्यातील आम्ले अनेक जंतूंना रोखतात. काढा लवकर थंड करून त्यात यीस्ट सोडले की ते साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. आठवडा-दोन आठवड्यांत बुडबुडे थांबतात. मग बाटलीत थोडी साखर घालून बूच लावले की उरलेले यीस्ट आतल्या आत वायू तयार करते आणि बिअरला फेस येतो.

या छंदातली खरेदीही आता सोपी आहे. नवशिका माणूस माल्टच्या घट्ट अर्काचा दीड-पावणेदोन किलोचा डबा आणतो. त्यात पाणी आणि साखर मिसळून २३ लिटरची एक खेप होते. सोबत यीस्टची ११-१२ ग्रॅमची पुडी, हॉप्सच्या गोळ्या, झाकणाचे पिंप, वायू बाहेर सोडणारा पण हवा आत न घेणारा एअरलॉक, जंतुनाशक आणि हायड्रोमीटर. ब्रिटनमध्ये एके काळी बूट्स या औषधांच्या दुकानांतही हे सामान मिळत असे. या यादीतला हायड्रोमीटर लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

वैद्यकशास्त्र या पिंपाचे ऋणी आहे, हेही सांगायला हवे. बिअर का नासते याचा अभ्यास लुई पाश्चर यांनी केला आणि १८७६ साली त्यावर ग्रंथच लिहिला. प्रत्येक आंबण्यामागे विशिष्ट सूक्ष्मजीव असतो हा विचार पक्का होण्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. त्याच प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ साली आम्लता मोजण्याची पीएच ही मोजपट्टी दिली. आज अतिदक्षता विभागात रुग्णाच्या रक्ताचा पीएच पाहिल्याशिवाय आमचे पान हलत नाही. ती मोजपट्टी बिअरच्या कारखान्याने चालवलेल्या प्रयोगशाळेतून आली.

मिथेनॉलचे काय?

आता त्या आईवडिलांचा मूळ प्रश्न. विषारी दारूने माणसे मरतात ती मिथेनॉलमुळे. शरीरात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. रक्त आम्लधर्मी होते, डोळ्यांची नस जळते. "डोळ्यांपुढे पांढरे दिसतेय" असे सांगणारा रुग्ण काही तासांत बेशुद्ध होतो. २०१५च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली ती यामुळेच. पण हे मिथेनॉल धान्य आंबताना तयार झालेले नसते. ते रंग आणि रसायनांच्या उद्योगात वापरले जाणारे द्रव्य असते आणि स्वस्तात नशा वाढवण्यासाठी कुणीतरी ते दारूत मिसळलेले असते.

आंबवताना मिथेनॉल मुख्यतः पेक्टिनपासून तयार होते. पेक्टिन फळांच्या सालीत आणि गरात जास्त असते, जवात फारच कमी. त्यामुळे माल्टच्या बिअरमध्ये मिथेनॉल असलेच तर नगण्य प्रमाणात असते आणि तिच्यातले साधे अल्कोहोल कितीतरी पटींनी जास्त असते. मुलगा फक्त आंबवत असेल आणि बाहेरून स्पिरिट मिसळत नसेल, तर मिथेनॉलच्या भीतीने झोप उडवण्याचे कारण नाही. तो भट्टी लावून ऊर्ध्वपातन करू लागला तर मात्र गोष्ट वेगळी. अमेरिका आणि ब्रिटनमध्येही घरगुती ऊर्ध्वपातन परवान्याशिवाय बेकायदा आहे, आणि त्यात विषाइतकाच आगीचा आणि स्फोटाचा धोका असतो.

जंतू कुठे शिरतात

१८५४च्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवले, ही कथा प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो. त्याच रस्त्यावर बिअरचा कारखाना होता. तिथल्या ७०हून अधिक कामगारांपैकी कुणीही कॉलऱ्याने दगावले नाही. त्यांना कारखान्यात बिअर मिळे आणि पंपाचे पाणी ते पीत नसत. उकळलेला काढा, मग अल्कोहोल, ४ ते ४.५च्या आसपासचा पीएच, हॉप्सची आम्ले, आणि प्राणवायूचा अभाव. एवढे अडथळे ओलांडून कॉलरा किंवा विषमज्वराचे जंतू सहसा टिकत नाहीत. तयार बिअर आंबट होऊ शकते, तिला घोड्याच्या जीनसारखा वास येऊ शकतो, पण ती नासवणारे जंतू बहुतेक वेळा माणसाला आजारी पाडणारे नसतात.

धोक्याची वेळ त्याआधीची आहे. यीस्ट पडण्यापूर्वीचा गोड काढा कोमट असतो, त्याचा पीएच पाचच्या वर असतो आणि त्यात अल्कोहोलचा थेंब नसतो. जंतूंसाठी ही मेजवानीच. म्हणून काढा झटपट थंड करून लगेच यीस्ट घालतात. काही उत्साही मंडळी उकळता काढा हवाबंद डब्यात भरून आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवतात. हे टाळायला हवे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत. प्राणवायू नसलेल्या आणि ४.६पेक्षा जास्त पीएच असलेल्या जागी ते रुजतात आणि लकवा आणणारे विष तयार करतात. अमेरिकेच्या यूटा राज्यातील तुरुंगात २०११ साली ८ कैद्यांना असाच बोट्युलिझम झाला. त्यांनी पिशवीत चोरून आंबवलेल्या दारूत बटाटा घातला होता. बटाटा मातीतून येतो आणि मातीत हे बीजाणू असतातच.

दुसरी घटना याहून भीषण. मोझांबिकच्या चितिमा गावात जानेवारी २०१५मध्ये अंत्यविधीला आलेल्या लोकांनी घरगुती पारंपरिक बिअर प्यायली आणि ७५ जण दगावले. सुरुवातीला मगरीच्या पित्ताचा संशय घेतला गेला. तपासात निघाले ते बॉन्गक्रेकिक आम्ल. खराब झालेल्या मक्याच्या पिठात बर्खोल्डेरिया नावाच्या जंतूने ते तयार केले होते. ते उकळून जात नाही आणि आंबवूनही जात नाही. यातून घ्यायचा धडा आपल्या स्वयंपाकघरालाही लागू आहे. 'उकळले म्हणजे सगळे शुद्ध झाले' ही समजूत जंतूंपुरती बरीचशी खरी आहे. जंतूंनी किंवा बुरशीने आधीच करून ठेवलेल्या विषाच्या बाबतीत ती खरी नाही. भिजलेले, बुरशी आलेले, कुबट वासाचे धान्य निवडून, उन्हात टाकून चांगले होत नाही. ते फेकायचेच असते.

भांडे आणि भेसळ

पितळेच्या, कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता माहीत होते. आम्ल धातू खाते. बिअरही आम्लधर्मी आणि ती भांड्यात दिवसेंदिवस राहते. दक्षिण आफ्रिकेत लोखंडी भांड्यांत आणि पिंपांत आंबवलेली पारंपरिक बिअर वर्षानुवर्षे प्यायलेल्या माणसांच्या यकृतात लोह साठून सिऱ्होसिस होत असल्याचे आढळले. आनुवंशिकतेचाही त्यात हात असावा असे पुढे दिसले. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, शिशाचा झाळ असलेली जुनी नळी, रंगाचे किंवा रसायनाचे रिकामे पिंप यांपैकी काहीही खाण्यापिण्यासाठी वापरू नये. स्टेनलेस स्टील, काच किंवा अन्नासाठीचे प्लास्टिक, एवढेच पर्याय.

विकत आणलेल्या घटकांबद्दल इतिहासाने दिलेला एक इशारा मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. १९०० साली मँचेस्टर आणि आसपासच्या भागात हातापायांना मुंग्या, जळजळ, लुळेपणा असलेल्या रुग्णांची रांग लागली. रुग्ण गरीब, बिअर पिणारे. डॉक्टरांनी 'दारूमुळे नसा गेल्या' असे निदान करून टाकले. डॉ. अर्नेस्ट रेनॉल्ड्स यांना मात्र एक गोष्ट खटकली. याहून कडक दारू पिणाऱ्यांना हा त्रास होत नव्हता आणि बिअर पिणाऱ्यांच्या त्वचेवर काळे डाग होते. त्यांनी बिअर तपासली तेव्हा तिच्यात आर्सेनिक निघाले. बिअरसाठी वापरलेली साखर तयार करताना जे गंधकाम्ल वापरले होते, त्यात ते होते. सुमारे सहा हजार लोक आजारी पडले आणि सत्तरएक जण दगावले. १९६०च्या दशकात कॅनडातील क्वीबेक शहरात बिअरचा फेस टिकावा म्हणून घातलेल्या कोबाल्टच्या क्षाराने भरपूर बिअर पिणाऱ्यांची हृदये निकामी झाली.

दोन्ही वेळा दोष पिणाऱ्याच्या माथी मारणे सोपे होते. व्यसनी माणसाच्या प्रत्येक दुखण्याला 'पितो ना, मग होणारच' म्हणून मोकळे होण्याची सवय आम्हा डॉक्टरांना आणि घरच्यांनाही असते. तिच्यामुळे आजही क्षयरोग, मेंदूभोवतीचा रक्तस्राव, जीवनसत्त्वांची कमतरता असे बरे होऊ शकणारे आजार उशिरा सापडतात.

बाटली, वाफ आणि वायू

घरच्या बिअरमुळे रुग्णालयात जावे लागते ते विषबाधेपेक्षा साध्या अपघातांनी. त्यातला मोठा अपघात म्हणजे बाटली फुटणे. हिशेब साधा आहे. प्रत्येक लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण १ लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आंबणे पुरे होण्याआधीच बाटली भरली, किंवा साखर अंदाजपंचे टाकली, तर बंद बाटलीतला दाब काचेला पेलवत नाही. तुकडे थेट डोळ्यांत आणि हातांच्या नसांत घुसतात. साध्या पातळ काचेची, चौकोनी, चीर गेलेली बाटली तर अजिबात नको.

हा भाग इथल्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. कारण बिअर नसली तरी पुण्या-मुंबईत घरोघरी कोंबुचा, आल्याचे फसफसते पेय, फळांचे सोडे आंबवले जात आहेत. नियम तोच आहे. उन्हाळ्यात ३५-४० अंशांत ठेवलेली, घट्ट बंद केलेली, गोड आणि जिवंत यीस्ट असलेली बाटली म्हणजे टाइमबॉम्ब. दाब सोडता येईल अशी बाटली घ्या, भरपूर रिकामी जागा ठेवू नका, फसफस आली की फ्रीजमध्ये ठेवा आणि उघडताना तोंड दुसरीकडे वळवून वर फडके धरा. डोळ्याला काच लागली तर डोळा चोळू नका, रुतलेला तुकडा काढू नका, पाण्याने धुण्याच्या भरीला न पडता डोळ्यावर दाब येणार नाही असे झाकण ठेवून थेट नेत्ररुग्णालय गाठा. एखादा चहाचा कागदी कप उलटा धरून चिकटवला तरी पुरतो.

दुसरा अपघात भाजण्याचा. वीस-पंचवीस लिटर चिकट, साखरेचा काढा उतू गेला की पाण्यापेक्षा जास्त वेळ अंगाला धरून राहतो. लहान मूल घरात असताना हे काम करायचेच नाही. भाजल्यावर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. तिसरा धोका सफाईच्या रसायनांचा. ब्लीचमध्ये आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र करून गुदमरलेल्या गृहिणी आमच्या अपघात विभागात येतात. पिंप धुणाऱ्या छंदिष्टाचेही तेच होऊ शकते. चौथी गोष्ट, १ किलो साखर आंबली की जवळजवळ अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एका पिंपाने हवेशीर खोलीत काही होत नाही. पण बंद तळघरात चार-पाच पिंपे ठेवून त्याच खोलीत झोपणे धोक्याचे. आणि घरात कुत्रा असेल तर वापरलेल्या हॉप्सचा चोथा त्याच्या तोंडी लागू देऊ नका. हॉप्सने कुत्र्यांचा ताप जीवघेणा चढू शकतो.

लेबल नसलेली बाटली

आता हायड्रोमीटरकडे वळू. दूध संकलन केंद्रावरचा लॅक्टोमीटर आपण पाहिलेला असतो, त्याचाच हा भाऊ. साखर विरघळलेली असली की काढा जड असतो, साखरेचे अल्कोहोल झाले की हलका. आंबण्याआधी १.०५० आणि नंतर १.०१० असा आकडा आला तर फरकाला १३१ने गुणायचे. अल्कोहोल साधारण सव्वापाच टक्के. तेच आकडे १.०७० आणि १.०१२ असतील तर साडेसात टक्क्यांच्या वर. दोन्ही पेले दिसायला सारखेच. पण अर्ध्या लिटरच्या पहिल्या पेल्यात २०-२१ ग्रॅम अल्कोहोल आहे, दुसऱ्यात ३०. डब्यावर लिहिले त्यापेक्षा अर्धा किलो साखर जास्त टाकली की २३ लिटरच्या खेपेत अल्कोहोल सव्वा टक्क्याच्या आसपास वाढते. दुकानातल्या बाटलीवर टक्केवारी बहुधा छापलेली असते. घरच्या बाटलीवर ती लिहिणारा कुणी नसतो. 'मी दोनच ग्लास घेतले' म्हणून गाडीची किल्ली उचलणाऱ्याला हा फरक कळलेला नसतो.

आणखी एक हिशेब करू. २३ लिटर, ५ टक्क्यांची बिअर म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे की आठवड्याला १४ युनिट, म्हणजे ११२ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. म्हणजे एकट्या माणसाला एक पिंप आठ आठवडे पुरायला हवे, आणि तेही त्याने दुसरे काहीच घेतले नाही तर. अमेरिकी कायदा एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे जवळपास ३८० लिटर करण्याची मुभा देतो. दिवसाला एक लिटरहून थोडे जास्त. त्या माणसाने ते सगळे एकट्याने प्यायले तर तो कायद्यात बसेल, पण वैद्यकीय सल्ल्याच्या अडीच पट पुढे गेलेला असेल. कायदा आणि यकृत यांची मापे वेगळी आहेत.

माझ्या दृष्टीने घरच्या बिअरचा खरा धोका इथे आहे. दुकान बंद होते, खिशातले पैसे संपतात, बायको विचारते, शेजारी बघतात. पिण्याला आवर घालणारे हे छोटे छोटे अडसर असतात. घरात पिंप आले की ते सगळे दूर होतात. शिवाय पिणे हे पिणे राहत नाही, ती 'चाचणी' होते. नवी खेप झाली म्हणून, जुनी संपवायची म्हणून, मित्राला दाखवायची म्हणून. परदेशात एकटे राहणाऱ्या, रात्रीच्या पाळ्या करणाऱ्या, थंडीने घरात कोंडल्या गेलेल्या तरुणाच्या बाबतीत छंद कधी सवय झाला हे त्याच्याही लक्षात येत नाही. शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात पोटात पाणी झालेले, डोळे पिवळे पडलेले जे रुग्ण मी रोज पाहतो, त्यांच्यातला कुणीही विष म्हणून पीत नव्हता. थोडी थोडी, रोज, अशीच त्यांची हकीकत असते.

'घरची आहे, रसायन नाही, यीस्टमुळे बी जीवनसत्त्व मिळते' हा युक्तिवादही ऐकू येतो. अल्कोहोल घरचे असो वा कारखान्याचे, रेणू एकच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्यपेयांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचा स्तन या अवयवांचे कर्करोग त्यात येतात. जानेवारी २०२३मध्ये संघटनेने स्पष्टच म्हटले की आरोग्याला अजिबात धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. बी जीवनसत्त्वासाठी उसळ, डाळ आणि हातसडीचा तांदूळ पुरेसे आहेत.

कुणी लांबच राहावे

काही जणांसाठी घरची, न गाळलेली, जिवंत यीस्टची बिअर नेहमीच्या बाटलीपेक्षा वेगळा धोका घेऊन येते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर आज लिनेझोलिड हे औषध मोठ्या प्रमाणावर दिले जाते. ते शरीरातील मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला अडवते. अशा वेळी टायरामाइन जास्त असलेला पदार्थ पोटात गेला तर रक्तदाब एकदम उसळू शकतो. टायरामाइन जुन्या चीजमध्ये, सोया सॉसमध्ये आणि पाश्चरीकरण न केलेल्या बिअरमध्ये असते. नैराश्यावरच्या काही जुन्या औषधांचेही तसेच. क्षयरोगाची नेहमीची औषधे तर यकृतावर आधीच ताण देत असतात. उपचार सुरू असेपर्यंत मद्य पूर्ण बंद.

व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम घेणाऱ्यांनी बिअरच नव्हे, तर घरी आंबवलेले कोंबुचासारखे पेयही घेऊ नये. त्यातले थोडे अल्कोहोलही उलटी, धडधड, रक्तदाब उतरणे असा त्रास देऊ शकते. संधिवाताच्या 'गाऊट' प्रकारात बिअर दुहेरी घात करते. अल्कोहोल यूरिक आम्ल बाहेर टाकू देत नाही आणि बिअरमधील प्युरिन ते वाढवतात. अमेरिकेत ४७ हजार पुरुषांना १२ वर्षे न्याहाळणाऱ्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाऊटचा सर्वांत जास्त संबंध बिअरशी आढळला. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर पिण्यानंतर काही तासांनी, झोपेत, धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम आणि बरळणे 'चढली आहे' म्हणून सोडून दिले जाते. ग्लुटेन न चालणाऱ्या सीलियाक रुग्णांना जवाची बिअर वर्ज्य. गरोदर स्त्रियांना तर थेंबही नको. आणि कर्करोगाचे उपचार किंवा अवयवरोपण झालेल्यांनी जिवंत यीस्ट असलेली कोणतीही घरगुती पेये डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मुलाला काय विचाराल?

तेव्हा परदेशातल्या मुलाच्या गॅरेजमध्ये पिंप दिसले तर "विष आहे का रे त्यात?" असे विचारू नका. तो हसून विषय बदलेल. त्याऐवजी चार प्रश्न विचारा. भांडी कशाची आहेत? बाटली भरण्याआधी दोन-तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा एकाच जागी थांबलेला पाहतोस का? बाटलीवर टक्केवारी आणि तारीख लिहितोस का? आणि चौथा, मागची खेप किती दिवसांत संपली?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तो उत्साहाने देईल, कदाचित हायड्रोमीटर काढून दाखवेलही. चौथ्या प्रश्नावर तो थबकला, चिडला किंवा 'मित्र आले होते' असे म्हणाला, तर तो प्रश्न तिथेच सोडू नका. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, न घेता झोप लागत नाही असे होते का, कमी करायचे ठरवून जमले नाही असे झाले आहे का, हे शांतपणे, उपदेश न करता विचारा. यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल तर त्याला तिथल्या डॉक्टरांकडे जायला सांगा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम, मनाच्या निर्धारावर बंद करू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ते वैद्यकीय देखरेखीखाली आणि औषधांच्या मदतीने करायचे काम आहे. वेळेत थांबले तर यकृत बऱ्याच अंशी पूर्ववत होते, चरबी साठलेले यकृत तर काही आठवड्यांत सुधारू लागते. सिऱ्होसिस झाल्यावर मात्र ही सोय राहत नाही.